बंद कंपनीचा जुना ट्रॅक्टर: ओळख कशी पटवायची, मोल कसं ठरवायचं

बॉनेटवर काय लिहिलंय ते शेवटी वाचा. जुना ट्रॅक्टर बघायला जाणारा नवखा माणूस नेमकं उलट करतो. लांबूनच रंग बघतो, नाव वाचतो आणि मनात किंमत धरूनच जवळ जातो. बॉनेट म्हणजे चार-सहा बोल्टवर बसलेला पत्रा. पन्नास वर्षांत तो गंजतो, चेपतो, आणि बदलायची वेळ आली की जवळपास जो मिळेल तो बसवला जातो. मी एकदा झेटर या चेक कंपनीचा म्हणून एक ट्रॅक्टर बघायला गेलो. पुढे जाळी होती, पण जाळीमागे रेडिएटरच नव्हता. पत्र्याखाली हवेवर थंड होणारं तीन सिलिंडरचं, जर्मन धाटणीचं इंजिन होतं. त्या ट्रॅक्टरचा उल्लेख पुढे पुन्हा पुन्हा येईल, कारण जुनी यंत्रं वाचायला मला त्यानंच शिकवलं.

हा लेख आपल्याकडच्या शेतात १९५० ते १९८०च्या दशकांत राबलेल्या आणि आज ज्यांची कंपनी किंवा ज्यांचं मॉडेल उरलेलं नाही अशा ट्रॅक्टरांबद्दल आहे. चालू कंपनीच्या जुन्या ट्रॅक्टरचा भाव कुणीही सांगेल. पोरक्या ट्रॅक्टरचा भाव तुम्हालाच काढावा लागतो.

आधी माहेर शोधा

१९५१ साली देशात साधारण ८,५०० ट्रॅक्टर होते आणि १९६० पर्यंत ते ३७,०००च्या आसपास गेले. ते जवळजवळ सगळे बाहेरून आलेले होते. राजस्थानात सुरतगडला १९५६ मध्ये सरकारी शेती सुरू झाली ती सोव्हिएत यंत्रांवरच. देशात ट्रॅक्टर बनायला लागले ते २४ एप्रिल १९५९ पासून, जेव्हा फरिदाबादच्या कारखान्यातून पहिला आयशर बाहेर पडला. पुढची वीस-पंचवीस वर्षं एकामागून एक कंपन्या आल्या आणि जवळपास प्रत्येकीनं परदेशातलं तंत्र घेतलं. म्हणून या काळातल्या ट्रॅक्टरचं नाव सासरचं असतं, हाडं मात्र माहेरची असतात.

आयशरचं माहेर जर्मनी. एस्कॉर्टच्या सुरुवातीच्या ट्रॅक्टरांचं पोलंड, म्हणजे उर्सस. पिंजोरला १९७१ पासून बनलेल्या एचएमटीचं चेकोस्लोव्हाकिया, म्हणजे झेटर. वडोदऱ्याच्या हिंदुस्थानचंही तेच. महिंद्रच्या इंटरनॅशनल बी-२७५ चं ब्रिटन. नाशिकला बनलेल्या किर्लोस्करचं जर्मनीतलं डॉइट्झ. हर्षाचं रशिया. पुण्याचा पिट्टी नावाचाही एक ट्रॅक्टर होता, जो आज दिसणं भाग्याचं. याला ठळक अपवाद स्वराजचा. त्याचा आराखडा दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत तयार झाला आणि १९७४ मध्ये स्वराज ७२४ बाजारात आला. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायला केंद्र सरकारनं २०१६ मध्ये मंजुरी दिली, त्यामुळे काल-परवापर्यंत ओळखीचं असलेलं हे नावही आता याच यादीत आलंय.

माहेर कळलं की निम्मं काम झालं. सुटे भाग, पुस्तिका, मोजमापं, सगळं तिथून शोधता येतं. आणि माहेर ओळखायची सगळ्यात सोपी खूण पाटीवर नसते, बोल्टवर असते. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या मोठ्या बोल्टांना पाना लावून बघा. १७ मिलिमीटरचा पाना चपखल बसला तर घराणं जर्मन, चेक, पोलिश किंवा रशियन. मिलिमीटरचे पाने सैल नाहीतर घट्ट होत असतील आणि इंची पाना नीट बसत असेल तर ब्रिटिश किंवा अमेरिकन. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा असेल तर तो मिलिमीटरचा. डोक्यावर मधून बाहेर जाणाऱ्या तीन रेघा असतील तर इंची. एक-दोन बोल्टवर विसंबू नका, ते कधीतरी बदललेले असणारच. हाउसिंगच्या जोडावरचे दहा-बारा बघा.

सोबत काय न्यायचं

रॉकेल किंवा डिझेलची बाटली, जुनी फडकी, नायलॉनचा ब्रश, लाकडाची चपटी काडी, टॉर्च, मेजर टेप, पांढरा कागद आणि मऊ शिशाची पेन्सिल. पान्यांचे दोन्ही संच. मोबाइल असतोच. वायर ब्रश आणि ग्राइंडर घरी ठेवा. पाटी घासून चकचकीत करणाऱ्यांनी जितके नंबर कायमचे पुसले असतील तितके गंजानंही पुसले नसतील.

पाटी आणि ठोकलेला नंबर

पाटी बहुतेक वेळा डॅशवर, स्टेअरिंगच्या खांबापाशी किंवा गिअरबॉक्सच्या बाजूला रिव्हेट केलेली असते. तिच्यावर मॉडेल, चेसीस नंबर, इंजिन नंबर, कधी वर्ष असतं. ट्रॅक्टरला मोटारीसारखी चेसीस नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल हे एकमेकांना बोल्टनं जोडून सांगाडा होतो. म्हणून चेसीस नंबर यातल्याच एखाद्या बिडाच्या हाउसिंगवर ठोकलेला असतो. पाटी काढून दुसरी लावता येते, बीड बदलणं अवघड. दोन्ही जुळले पाहिजेत.

माझ्या त्या ट्रॅक्टरवर पाटीच्या जागी फक्त चार भोकं होती. क्लच हाउसिंगच्या उजव्या बाजूला बोटभर जाडीचा थर होता: ग्रीस, माती, भुसा, सगळं उन्हात भाजून दगड झालेलं. त्याला फडक्यानं रॉकेल लावलं आणि अर्धा तास हात लावला नाही. मग लाकडाच्या काडीनं कडेकडेनं उचललं, तर पापुद्रा निघावा तसा थर निघाला. खाली ओतकामाचा खडबडीत पृष्ठभाग आणि त्यात तळहाताएवढा एक गुळगुळीत, मशिनवर घासलेला चौकोन. असा चौकोन दिसला की समजायचं, नंबर इथेच आहे. भर दुपारी त्यावर काही दिसत नव्हतं. टॉर्च अगदी चिकटवून आडवा धरला तेव्हा आकड्यांच्या सावल्या उभ्या राहिल्या. कागद ठेवून वरून पेन्सिलीचं शिसं आडवं फिरवलं आणि पाच आकडे कागदावर उमटले. आरटीओच्या कामासाठी चेसीसचा छाप घेतात तीच ही रीत. छाप नेहमी घ्या. फोटोत उजेड फसवतो, छाप फसवत नाही.

आकड्यांकडे बघताना आणखी एक गोष्ट तपासा. कारखान्यात ठोकलेले आकडे एका मापाचे असतात, पण हातानं ठोकल्यामुळे थोडे वर-खाली असू शकतात. ते संशयास्पद नाही. संशय घ्यायचा तो आकड्यांच्या आजूबाजूला ग्राइंडरचे वेडेवाकडे ओरखडे असतील, चौकोन मधोमध खोलगट झाला असेल किंवा वेल्डिंगचा थर असेल तर. तसं दिसलं की तिथेच नमस्कार करून परत या.

बिडावरची अक्षरं

ठोकलेल्या नंबराखेरीज उठावाची अक्षरं असतात. ती साच्यातूनच आलेली, म्हणून ती कुणी बदलू शकत नाही. ब्लॉक, हेड, गिअरबॉक्स, एक्सलचे भोंगे, अगदी मागच्या चाकांची बिडाची वजनंही बघा. त्यात भागाचा नंबर, ओतणाऱ्या कारखान्याची खूण आणि कधी तारीखही मिळते. फोर्डच्या ट्रॅक्टरांवर ही तारीख वाचायची ठरावीक पद्धत आहे: आधी वर्षाचा शेवटचा आकडा, मग महिन्याचं अक्षर, मग दिवस. ‘१ सी १४’ म्हणजे एकनं संपणाऱ्या वर्षातला मार्च, १४ तारीख. दशक तुम्ही मॉडेलवरून ठरवायचं. ओतकाम आधी होतं, ट्रॅक्टर नंतर जोडला जातो, म्हणून दोन-चार महिन्यांचा फरक स्वाभाविक. पण ब्लॉक गिअरबॉक्सपेक्षा पाच वर्षांनी नवा निघाला तर इंजिन बदललंय हे उघड आहे.

रशियन ट्रॅक्टरवर अक्षरं अनोळखी लिपीत असतील. वाचता येत नाहीत म्हणून सोडू नका, छाप घ्या.

साल ठरवायच्या आडवाटा

या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच. पाटी नसली तरी ट्रॅक्टरवर पत्ते असतात. डीलरनं डॅशवर किंवा मडगार्डवर लावलेला पितळी बिल्ला शोधा. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर तो बिल्ला १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. नुसतं ‘बॉम्बे १’ असं असेल तर बहुधा त्याआधीचा. देशांची नावंही बोलतात. चेकोस्लोव्हाकिया लिहिलेला भाग १९९३ नंतरचा असू शकत नाही. पश्चिम जर्मनी १९९० नंतरचा नाही. सोव्हिएत संघ १९९१ नंतरचा नाही.

डिझेल पंपावरची छोटी पाटी हमखास वाचा. ‘मायको’ असेल तर तो बंगळुरूच्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचा. ती कंपनी १९५१ सालची आणि २००८ मध्ये तिचं नाव बॉश लिमिटेड झालं. जुन्या ट्रॅक्टरवर बॉश लिमिटेड असं नाव असलेला पंप दिसला तर पंप अलीकडे बदललाय. किमतीच्या दृष्टीनं ती वाईट बातमी नाही, पण ‘सगळं मूळचं आहे’ हा विकणाऱ्याचा दावा तिथेच संपतो.

नंबर प्लेट विसरू नका. राज्याची दोन अक्षरं, म्हणजे आपल्याकडे ‘एमएच’, ही पद्धत १९८९ पासूनची. त्याआधी तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडे असत. जुना तीन अक्षरी नंबर मडगार्डवर रंगाखाली उठून दिसत असेल तर त्याचा फोटो काढा. कागदपत्रं शोधताना तो लागतो.

इंजिनाची ओळख

अनेक छोट्या कंपन्या इंजिन स्वतः बनवत नसत. चेन्नईच्या सिम्प्सनची पर्किन्स धाटणीची इंजिनं, किर्लोस्करची इंजिनं वेगवेगळ्या रंगांच्या ट्रॅक्टरांत बसलेली दिसतात. ही तुमच्या फायद्याची गोष्ट आहे. ट्रॅक्टर पोरका असतो, त्यातलं इंजिन बहुधा पोरकं नसतं.

इंजिनाच्या नावातच बरंच काही दडलेलं असतं. पर्किन्सचं ३.१५२ म्हणजे तीन सिलिंडर आणि १५२ घन इंच, म्हणजे सुमारे अडीच लिटर. डॉइट्झचं एफ३एल९१२ म्हणजे वाहनासाठीचं इंजिन, तीन सिलिंडर, हवेवर थंड होणारं, आणि शेवटचे १२ म्हणजे स्ट्रोक बारा सेंटिमीटर. झेटर आणि एचएमटीच्या मॉडेल नंबरात पहिले दोन आकडे अश्वशक्ती सांगतात: २५११ पंचवीसचा, ३५११ पस्तीसचा, ५९११ एकोणसाठचा.

नावच मिळालं नाही तर मोजा. हेड उघडलेलं असेल तर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) टेपनंही काढता येतो. बोअर १० सेंटिमीटर, स्ट्रोक १२, सिलिंडर तीन: ५ गुणिले ५ गुणिले ३.१४ गुणिले १२ गुणिले ३, म्हणजे साधारण २,८२६ घनसेंटिमीटर. त्या काळातली ट्रॅक्टरची डिझेल इंजिनं लिटरमागे बारा ते सतरा अश्वशक्ती देत. म्हणजे हे इंजिन चौतीस ते अठ्ठेचाळीसमधलं. विकणारा साठ सांगत असेल तर तो चुकतोय.

हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला लोक घाबरतात, पाणी नाही म्हणून. मला ते आवडतं. डॉइट्झच्या या इंजिनात प्रत्येक सिलिंडर सुटा आणि प्रत्येकाचं हेडही सुटं. एक सिलिंडर गेला तर तेवढाच उतरवायचा. शिवाय ही इंजिनं जनरेटर आणि कॉम्प्रेसरवरही भरपूर वापरली गेली, त्यामुळे सामान मिळतं. मात्र सिलिंडरवरच्या फिन्समध्ये, म्हणजे हवेनं थंड होणाऱ्या पातळ पात्यांमध्ये, माती-भुसा गच्च बसलेला असेल आणि पंख्यावरचं आवरण गायब असेल तर ते इंजिन तापून तापून चाललंय असं धरा.

बंद इंजिन तपासताना सेल्फ मारू नका. आधी इंजिनाखालचा, तेल काढायचा प्लग थोडा सैल करा. जड म्हणून पाणी तळाशी बसतं, तेलाआधी पाणी आलं तर आत गंज आहे. नुसतं तेल आलं तर हँडलनं किंवा पंख्याच्या पुलीनं हळूच फिरवून बघा. प्रत्येक सिलिंडरला हात अडला पाहिजे आणि मग एकदम सुटला पाहिजे. एखाद्या ठिकाणी अडतच नसेल तर तिथलं कॉम्प्रेशन गेलंय. अजिबात फिरत नसेल तर जोर लावू नका. जाम झालेलं इंजिन सुटूही शकतं, वाकलेला रॉड सरळ होत नाही.

खरी परीक्षा गिअरबॉक्सची

नवखे लोक इंजिनाचा आवाज ऐकून सौदा करतात. माझं म्हणणं ठाम आहे: पोरक्या ट्रॅक्टरची किंमत गिअरबॉक्समध्ये असते. इंजिन बांधायला किती खर्च येईल हे कुठलाही चांगला फिटर सांगेल, कारण लायनर-पिस्टन, नोझल, बेअरिंग कुठल्या ना कुठल्या दुकानात असतं. बंद कंपनीच्या क्राउन-पिनियनचा, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या एक्सलकडे वळवणाऱ्या गिअरच्या जोडीचा, दात तुटला तर दुकान नाही. तसाच दुसरा मेलेला ट्रॅक्टर शोधा, नाहीतर गिअर नव्यानं कापून घ्या, आणि तो खर्च अख्ख्या ट्रॅक्टरपेक्षा जास्त होऊ शकतो.

म्हणून इथे वेळ द्या. गिअरबॉक्सचं थोडं तेल कागदावर घ्या आणि उन्हात बघा. बारीक चंदेरी चमक सगळ्याच जुन्या तेलात असते. बोटाला टोचणारे कण किंवा नखाएवढा तुकडा असेल तर दात गेलाय. मग पुढची चाकं दोन्ही बाजूंनी लाकडानं अडवून, मागचा एक्सल जॅकवर आणि खाली भक्कम ठोकळ्यांवर घ्या. नुसत्या जॅकवर कधीच नाही. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये. एक चाक पुढे फिरवलं तर दुसरं मागे फिरलं पाहिजे. ते अडखळत, कटकट करत फिरत असेल तर डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरची जुळणी, बघायला हवं. आता दोघांनी दोन्ही चाकं एकाच वेळी एकाच दिशेला हलवा. अडेपर्यंत किती प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, आहे ते बघा आणि प्रत्येक गिअरमध्ये हेच करा. एखाद्याच गिअरमध्ये प्ले जास्त असेल तर तो गिअर झिजलाय. सगळ्यांत सारखाच जास्त असेल तर क्राउन-पिनियन.

ट्रॅक्टर चालू असेल तर चढावर, भार घेऊन चालवा. सपाटीवर गप्प असलेला गिअर चढावर आपोआप सुटतो, तेव्हा खरं कळतं.

मागची बाजू

लिफ्ट आणि पीटीओ (अवजाराला इंजिनाची ताकद देणारा मागचा फिरता शाफ्ट) पटकन तपासता येतात. खालच्या लिंकच्या पिना २२ मिलिमीटरच्या असतील तर अवजार जोडणीची पहिली श्रेणी, २८च्या असतील तर दुसरी. आजची बरीच अवजारं यावर बसतात, म्हणजे ट्रॅक्टर कामाचा. लिफ्ट उचलून इंजिन बंद करा. पाच मिनिटांत अवजार जमिनीला टेकलं तर आतल्या सील गेल्यात. पीटीओचा शाफ्ट साधारणपणे सहा खाचांचा, एक इंच आणि तीन अष्टमांश व्यासाचा, मिनिटाला ५४० फेऱ्यांचा असतो. राखाडी रंगाच्या फर्ग्युसन टीई-२० सारख्या जुन्या ट्रॅक्टरांवर तो एक इंच आणि एक अष्टमांश एवढाच असतो, त्यावर आजचं अवजार स्लीव्ह लावल्याशिवाय बसत नाही. याच फर्ग्युसनची पुढची चाकं ४.००-१९ मापाची. त्या जागी दुसरी रिम दिसली की एक गुण कमी करा.

कागद

इथे मी स्वतः पोळलोय. त्याच डॉइट्झ धाटणीच्या ट्रॅक्टरचा विकणारा म्हणाला, ‘कागद आहेत.’ मी इसार देऊन मोकळा झालो. कागद होते, पण आरसीवरचा चेसीस नंबर आणि मी पेन्सिलीनं घेतलेला छाप यांचा मेळ बसेना. शेवटी कळलं की त्या घरी दोन ट्रॅक्टर होते. एक भंगारात गेला आणि त्याचे कागद याच्यासोबत राहिले. इसार परत मिळायला आठ महिने लागले. नंतर खऱ्या कागदाची दुय्यम प्रत निघाली तेव्हाच मी तो घेतला. तेव्हापासून छाप आणि आरसी शेजारी ठेवल्याशिवाय मी खिशात हात घालत नाही.

काय बघायचं? ट्रॅक्टर कुणाच्या नावावर आहे. मालक हयात नसेल तर वारसांची संमती आहे का. बोजा कुणाचा आहे. जुन्या आरसीवर भूविकास बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा कायम राहिलेला सर्रास दिसतो. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण नोंद उतरवलेली नसते. बोजा उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत न्यायचा तर फॉर्म २८ चं ना हरकत. ट्रॅक्टरची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. हे सगळं विकणाऱ्यानं करून द्यायचं की तुम्ही, हे भावाआधी ठरवा. फार जुन्या गाड्यांची नोंद ‘वाहन’ या आरटीओच्या संगणक प्रणालीत दिसतेच असं नाही. तेव्हा जुन्या रजिस्टरवरून ती चढवून घ्यावी लागते आणि त्याला वेळ जातो.

२०२१ मध्ये केंद्रानं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणी आणली. ती दुचाकी आणि प्रवासी चारचाकीसाठी आहे, ट्रॅक्टर तिच्यात बसत नाही. त्यामुळे ‘विंटेज नंबर मिळेल’ या आशेवर कुणी भाव वाढवत असेल तर ऐकू नका.

मोल

पोरक्या ट्रॅक्टरला एक नाही, तीन किमती असतात. तिन्ही वेगवेगळ्या काढा, त्यांची बेरीज करू नका.

पहिली भंगाराची. ही तळाची किंमत, याखाली कुणी देणार नाही. वजनकाट्यावर आलेलं वजन जसंच्या तसं धरू नका. समजा काटा २,०५० किलो दाखवतो. मागच्या टायरांत पाणी भरलेलं असेल तर त्याचे २०० वजा, टायर-ट्यूबचे १२०, चिखल-तेलाचे ३०. उरले १,७००. समजण्यापुरता किलोला ३० रुपये धरला तर ५१,००० रुपये. त्या दिवशीचा दर भंगारवाल्याला विचारा. बीड, पत्रा आणि ॲल्युमिनियमचे दर वेगळे असतात.

दुसरी कामाची. तेवढ्याच अश्वशक्तीचा, चालू कंपनीचा, साधारण तशाच अवस्थेतला ट्रॅक्टर तुमच्या भागात कितीला जातो ते दोन-तीन ठिकाणी विचारा. त्यातून इंजिन बांधणं, टायर, बॅटरी, ब्रेक, क्लच प्लेट यांचा फिटरनं सांगितलेला खर्च वजा करा. मग पोरकेपणाची कात्री लावा. गिअरबॉक्स निर्दोष असेल तर मी आणखी तीस टक्के कमी करतो. गिअरबॉक्स संशयास्पद असेल तर कामाची किंमत मोजतच नाही, सरळ भंगाराच्या भावावर येतो. मॉडेल कळलं असेल तर मध्य प्रदेशातल्या बुधनीच्या केंद्रीय चाचणी संस्थेचा अहवाल मिळवायचा प्रयत्न जरूर करा. तिथे १९५९ पासून ट्रॅक्टरांच्या चाचण्या होतात, आणि अहवालात खरी ताकद, वजन, मोजमापं असतात. विकणाऱ्याच्या तोंडच्या अश्वशक्तीपेक्षा ती विश्वासाची.

तिसरी जतनाची. इथे नवखे सगळ्यात जास्त चुकतात. ‘असा दुसरा नाही’ यावरून किंमत ठरत नाही. असा दुसरा हवा असलेला माणूस आहे का, यावर ठरते. जुन्या ट्रॅक्टरांचे हौशी आपल्याकडे मोजके आहेत आणि ते बहुधा लहानपणी ज्या ट्रॅक्टरवर बसले तोच शोधतात. नाशिकच्या कारखान्यातला किर्लोस्कर नाशिक-नगरकडच्या माणसाला जितका हवासा वाटेल तितका पंजाबातल्या माणसाला वाटणार नाही. म्हणून ही किंमत मिळायला थांबायची तयारी हवी. ती पहिल्या दोहोंपेक्षा बरीच वर जाऊ शकते, पण महिन्याभरात नव्हे.

जतनाच्या किमतीत मूळचेपणाला वजन आहे. पाटी, डीलरचा बिल्ला, मूळ सीट, मीटर, दिवे, डायनॅमो, चाकांची नावं उठलेली वजनं, आणि मूळ रंग. रंग बघायचा तो बॅटरीच्या पेटीखाली, डिझेल टाकीच्या पोटाशी, डॅशच्या मागे, जिथे रंगाऱ्याचा हात पोचत नाही. तिथे पहिला थर दिसला की त्याचा फोटो घ्या. विकण्याआधी नवा रंग मारलेला ट्रॅक्टर माझ्या दृष्टीनं कमी किमतीचा. त्या रंगानं साल, कारखाना आणि कधीकधी तडाही झाकला जातो. तुमच्याकडचा विकायचा असेल तर धुऊन ठेवा, रंगवू नका.

घासाघीस करताना तिन्ही आकडे कागदावर लिहून विकणाऱ्यासमोर ठेवले तरी चालतात, मी ठेवतो. ज्या बाबांनी तो ट्रॅक्टर तीस वर्षं चालवला त्यांना हिशेब पटतो, आणि हिशेबासोबत ते असं काही सांगून जातात जे कुठल्याच पाटीवर नसतं: कुठल्या साली इंजिन बांधलं, कुठला गिअर जपून टाकायचा, लिफ्ट कुणी उघडली होती.

भाव ठरला की पैसे देण्याआधी गोठ्यात आणि माळ्यावर एक चक्कर मारायला मागा. काढून ठेवलेली जाळी, मोडका दिवा, हँडल, पान्यांची मूळ पेटी, पुस्तिका, आणि खिळ्याला टांगलेली ती हरवलेली पाटी तिथेच असते. माझ्या ट्रॅक्टरची पाटी एका जुन्या कडब्याच्या यंत्राला ठिगळ म्हणून ठोकलेली सापडली. चारही भोकं जुळली. ते सगळं सौद्यातच लिहून घ्या आणि ट्रॅक्टर ट्रकवर चढवाल त्याच दिवशी सोबत न्या. दुसऱ्या फेरीला गेलात तर ते भंगारवाल्याकडे गेलेलं असतं.